आजोबा पाणी प्यायले, वजन चुकलं

आठवीतल्या एका मुलीला मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दहापैकी तीन गुण दिले होते, 'चालू प्रतिकृती', म्हणजे वर्किंग मॉडेल, या रकान्यात. देताना क्षणभरही मनात शंका आली नव्हती, आणि आज तेच जास्त बोचतं.

जुलैचे शेवटचे दिवस होते. इंदूरला आठवडाभर झड लागली होती. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये ओल्या गणवेशांचा वास कोंडला होता आणि खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. सुट्टीत केलेल्या विज्ञान प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. चाळीस टेबलं, आम्ही दोघी परीक्षक आणि हातात तीन तास. भागाकार केला तर एका मुलाच्या वाट्याला साडेचार मिनिटं येतात. त्यात एका टेबलावरून दुसऱ्यावर जाणं आलं, मुख्याध्यापकांनी मध्येच आणवलेला चहा आला, कुणाचा तरी दिवा लागत नाही म्हणून थांबणं आलं. सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मी, हा हिशेब मला कधी खटकलाच नव्हता.

आठवीतल्या त्या मुलीच्या टेबलावर तीन माठ होते. एक कोरा करकरीत, एक जुना पांढरे डाग पडलेला, आणि तिसरा ऑइलपेंटने रंगवून वर पानाफुलांची नक्षी काढलेला. पुढे कार्डशीटवर लिहिलं होतं, 'माठ पाणी गार कसं करतो?' थर्मामीटर काढून तिने मला आकडे दाखवले. हवा २७ अंश, नवा माठ साडेपंचवीस, जुना साडेसव्वीस, रंगवलेला २७.

"मग गार झालं का पाणी?" मी विचारलं.

"आज नाही होत, मॅडम."

मी त्यातलं 'नाही' ऐकलं. 'आज' ऐकलं नाही. सोबतच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. मी तीन लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे रंगीत दिव्यांचं एक सुरेख शहर होतं आणि त्यातला प्रत्येक दिवा लागत होता.

आठ-दहा दिवसांनी त्या मुलीची आजी माझ्याकडे आली. आम्ही एकाच भजनी मंडळातल्या. तक्रार करायला आल्या असतील असं वाटून मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. पण त्या म्हणाल्या, "ताई, गुणांचं राहू द्या हो. पण पोरीने महिनाभर घरात कोणाला त्या माठाला हात लावू दिला नाही. ही कॉपी तेवढी बघा एकदा." आमच्या इंदुरी मराठीत वहीला कॉपीच म्हणतात. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे पाण्याने फुगलेली वही होती. प्रदर्शनात ती टेबलावर नव्हती, कारण नियमात 'टाइप केलेली फाइल' मागितली होती. फाइल मी पाहिली होती. स्वच्छ, चार पानी, कुठेही खाडाखोड नसलेली आणि कुठेही ती मुलगी नसलेली.

वहीत मात्र ती पानोपानी होती. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच इंग्रजी शब्द.

मुळात हे सुरू कसं झालं ते पहिल्याच पानावर होतं. दिवाळीत आईने हौसेने एक माठ रंगवला आणि उन्हाळा लागल्यावर लक्षात आलं की त्यातलं पाणी गारच होत नाही. घरात सगळ्यांनी 'माठ खराब निघाला' म्हणून तो गच्चीवर टाकून दिला. हिने तो खाली आणला. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "माठ तोच. फक्त रंग लावला. मग काय बदललं?"

पुढे एप्रिलचे आकडे. दुपारी तीन, हवा ३७, नवा माठ २४, जुना साडेसत्तावीस, रंगवलेला ३३. मग तिच्या मनात आलं, पाणी उडून जातंय तर वजन कमी व्हायला हवं. घरात एवढा मोठा काटा नाही. गल्लीतल्या अटालेवाल्याचा, म्हणजे भंगारवाल्याचा, काटा आठवड्यासाठी मागून आणला, बदल्यात त्याला जुनी वर्तमानपत्रं दिली. सकाळी आठ ते दुपारी तीन, नव्या माठातलं २१० ग्रॅम पाणी कमी. दुसऱ्या दिवशी २२०. तिसऱ्या दिवशी मात्र अक्षर मोठं झालेलं आणि पुढे उद्गारचिन्ह: "६४० ग्रॅम कमी!" त्याखाली, थोड्या वेळाने लिहिलेलं असावं, कारण पेन वेगळं: "आजोबा पाणी प्यायले. दोन पेले. वजन चुकलं. आजचे आकडे धरायचे नाहीत. उद्यापासून माठावर चिठ्ठी." आणि त्याच्याही खाली एक ओळ: "आजोबांना विचारलं, तीन माठांतून याच माठातलं का प्यायलात? म्हणाले, हा जास्त गार असतो."

ही ओळ वाचून मी वही मिटून ठेवली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. बिघडलेला आकडा लपवायचा नाही, तो का बिघडला ते शोधायचं, आणि ज्याने बिघडवला त्याच्याकडूनसुद्धा काही शिकायचं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या शीर्षकाखाली लिहीत आले होते. तेरा वर्षांच्या मुलीने ते स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं.

जुन्या माठाचं पान तर मला पाठच झालंय. आजीचं म्हणणं, माठ जुना झाला की त्याची भोकं बुजतात, काथ्याने आणि मिठाने घासला की पुन्हा गार करतो. हिने लिहिलं, "भोकं दिसत नाहीत. मग बुजली हे कशावरून?" आणि स्वतःच रीत काढली. तिन्ही माठ उन्हात खडखडीत वाळवायचे, पाणी भरायचं आणि बाहेरून बोट लावून बघत राहायचं, ओल कधी लागते. नव्याला ४० मिनिटं लागली. जुन्याला दोन तास. घासल्यानंतर जुन्याला एक तास दहा मिनिटं. रंगवलेल्याच्या पुढे नुसती आडवी रेघ. न दिसणारी भोकं तिने घड्याळाने मोजली होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही मी असं वाचलेलं नाही.

मग जून, जुलै. पाऊस आला. "हवा २७. नवा साडेपंचवीस. वजन फक्त ४० ग्रॅम कमी. माठ बिघडला?" दोन दिवस तेच आकडे. तिसऱ्या दिवशी: "माठ बिघडला नाही. कपडेपण वाळत नाहीयेत."

दोरीवरचे न वाळणारे कपडे आणि गार न होणारा माठ, ही एकच गोष्ट आहे, हे तिला दिसलं. सर्जनशीलता म्हणजे काय असं मला आता कोणी विचारलं तर मी हे वाक्य दाखवते. दोन गोष्टी डोळ्यांसमोर रोजच असतात. एकदा कधीतरी कोणाच्या तरी मनात त्यांची गाठ पडते.

विज्ञान तर त्यात नेटकं आहेच. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती माठातल्याच पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे दहा लिटर पाणी एका अंशाने गार व्हायला जेमतेम १७ ग्रॅम पाणी उडालं तरी पुरतं. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला तापवतच असते, म्हणून जास्त उडावं लागतं. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर माठातलं पाणी फारसं उडत नाही. वेधशाळेत दोन थर्मामीटर शेजारीशेजारी असतात, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या गोळ्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात. या मुलीने नकळत तेच यंत्र मातीचं बनवलं होतं. आणि प्रदर्शनाच्या दिवशी, भर झडीत, तिचा माठ पाणी गार करत नव्हता, हा तिच्या सगळ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा होता. त्याच पुराव्यावर मी तीन गुण लिहिले.

मी शाळेत गेले. निकाल जाहीर झाला होता, बदलता येत नाही म्हणाले. मग मी तिच्या घरी गेले आणि तिला सांगितलं की चूक माझी झाली, तुझी वही मी बघायला हवी होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, दिवाळीनंतर हवा परत कोरडी होईल ना? पण तेव्हा थंडी असेल. म्हणजे कोरडी हवा पण गरम नाही. तेव्हा काय होईल?" गुणांचा विषय तिच्यापुरता संपला होता. माझ्यापुरता तो तिथून सुरू झाला.

त्यानंतर मी मूल्यांकनाचे तक्ते नव्याने वाचायला बसले. तक्ते वाईट नसतात, हे आधी सांगते. एनसीईआरटीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या मार्गदर्शनात मुलाच्या स्वतःच्या सर्जनशीलतेला आणि कल्पनाशक्तीला २० टक्के वजन आहे, नावीन्याला १५, वैज्ञानिक विचाराला १५, हातकामाच्या कौशल्याला १५, उपयुक्ततेला १५, कमी खर्च आणि टिकाऊपणाला १० आणि सादरीकरणाला १०. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी विचार करूनच केली आहे, दिखाव्याला त्यांनी दहाच टक्के ठेवले आहेत. पण साडेचार मिनिटांत डोळ्यांना दिखावाच दिसतो आणि हात मग सातही रकान्यांत त्याचेच गुण भरत जातो. ज्याचं टेबल सुंदर त्याची कल्पनाशक्तीही चांगली, विचारही चांगला. मी हे केलेलं आहे, एकदा नाही, अनेक वर्षं.

मूल शिकलं का, हे टेबलावरच्या वस्तूत दिसत नाही. ते पहिल्या फसलेल्या वस्तूपासून टेबलावरच्या वस्तूपर्यंतच्या रस्त्यात असतं. तो रस्ता मागून पाहावा लागतो.

म्हणून आता मी प्रत्येक टेबलापाशी पहिला प्रश्न एकच विचारते, "आधी काय बिघडलं होतं?" ज्याच्या हातांनी काम झालंय ते मूल या प्रश्नावर खुलतं. फेव्हिकॉल वाळला नाही इथपासून सुरू होतं ते थांबतच नाही. ज्याचं मॉडेल स्टेशनरीच्या दुकानातून तयार आलेलं असतं ते आईकडे बघतं. त्या आईचाही मला राग येत नाही. रात्री दोनपर्यंत ग्लू गन घेऊन बसलेली ती बाई सकाळी डबा करून मुलाला सोडायला आलेली असते. बिघडलेल्या वस्तूला शाळेत किंमत नाही, हे तिला आम्हीच शिकवलेलं आहे.

पण हा प्रश्नही सरसकट चालत नाही. काही मुलं बुजतात. आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि प्रदर्शनात 'एक्सप्लेन इन इंग्लिश'. पाठ केलेलं इंग्रजी संपलं की मूल गप्प होतं आणि आपण समजतो की त्याला एवढंच येतं. एका मुलाला मी म्हटलं, "घरी आईला सांगितलंस तसं सांग." तो माझ्यापाशी सरकला, आवाज खाली आला आणि त्याने हिंदीत, मग मराठीत, मग हातांनी सगळं सांगितलं.

त्याच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याने माझी दुसरी समजूत मोडली. त्याच्याकडे सिरिंजवर चालणारा जेसीबी होता. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, सलाइनची नळी, रंगीत पाणी. हे मॉडेल यूट्यूबवर बघून दर वर्षी चार-पाच मुलं करतात आणि मी दर वर्षी 'नावीन्य' या रकान्यात शून्य नाहीतर एक लिहून पुढे जात होते. त्या दिवशी थांबले. विचारलं, आधी काय बिघडलं? म्हणाला, व्हिडिओत दोन्ही सिरिंज सारख्या होत्या, तशाच लावल्या तर हात उचलला जायचा पण त्यावर वही ठेवली की खाली बसायचा. घरी आजोबांच्या इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंज होत्या, एक ५ मिलीची, एक २० मिलीची. छोटी आपल्याकडे आणि मोठी जेसीबीच्या हाताला लावली. "छोटी पूर्ण ढकलली तर मोठी थोडीशीच सरकते, मॅडम. पण वही उचलते." मग मी मुद्दाम विचारलं, उलटं लावलं तर? त्याने लगेच नळी काढून उलटं लावून दाखवलं. हात झर्रकन वर गेला, आणि वहीखाली दबला. "फास्ट पाहिजे तर असं, ताकद पाहिजे तर तसं."

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम मुलांकडून व्याख्येसकट पाठ करून घेता येतो. फास्ट आणि ताकद यांतलं एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं, हे मात्र त्याच्या अंगठ्याला कळलं होतं. त्याचं मॉडेल नक्कल होतं, हे खरंच. पण मूळ नमुन्यापासून तो जिथे बाजूला झाला ते दोन इंच त्याचे स्वतःचे होते. गाणं शिकणारी मुलगीसुद्धा आधी गुरूच्या गळ्याची नक्कलच करते. नवं काहीच नाही म्हणून अख्खं मॉडेल बाजूला टाकण्याआधी ते दोन इंच शोधायला हवेत.

या शोधात मला सगळ्यांत मोठी मदत झाली ती आमच्या वस्तीतल्या मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या भाऊंची. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, टाकीत चढवायला घरोघरी पंप, त्यामुळे त्यांना उसंत नसते. तरी एका शनिवारी मी त्यांना आमच्या छोट्या प्रदर्शनाला घेऊन गेले. शाळेत परीक्षक म्हणून बोलावलेला मिस्त्री पाहून काही जणांच्या भुवया वर गेल्या. भाऊ कोणालाही तत्त्व विचारत नव्हते. प्रत्येक टेबलापाशी म्हणायचे, "खोलून दाखव बेटा." ज्याने जोडलं त्याला खोलता येतं. एका मुलीच्या सर्किटवरचे सोल्डरचे ठिपके त्यांनी बोटाने चाचपले आणि म्हणाले, "हे तीन पहिले, हे दोन नंतरचे. हात बसलाय हिचा." पहिले तीन ठिपके गोळे होऊन फुगलेले होते, नंतरचे दोन सपाट, चकचकीत. पाच ठिपक्यांत त्यांना तिचं शिकणं दिसलं. मी त्याच मुलीच्या 'तांत्रिक कौशल्य' या रकान्यात तीन गोळ्यांकडे बघून गुण कापले असते.

नंतर वाचताना कळलं की यालाही शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली सर्जनशीलता जोखण्याची एक पद्धत मांडली. त्या क्षेत्रातलं काम जाणणारे काही जण घ्यायचे, त्यांनी एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे, समोरची कामं एकमेकांशी ताडून बघायची. सर्जनशीलतेची व्याख्या त्यांना आयती द्यायची नाही, ज्याने त्याने आपल्या जाणकारीने ठरवायचं. आधीच्या पिढीत मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या १९६६ सालच्या चाचण्या होत्या. कल्पना किती सुचतात, किती तऱ्हेच्या, किती वेगळ्या आणि किती तपशिलाने, हे मोजणाऱ्या. त्यांचं महत्त्व आहेच, पण माठ ही काही दुर्मीळ कल्पना नाही, घरोघरी असतो, त्या मोजमापात तो मागेच पडला असता. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, चित्रकलेच्या मॅडम आणि भाऊ, अमाबिलेंची रीत आमच्या परीने करून बघितली. वरची चार कामं आणि खालची काही, यांवर तिघांचं जवळजवळ एकमत झालं. मधल्यांवर खूप मतभेद झाले, आणि गुण लिहून झाल्यावर त्या मतभेदांवर जी चर्चा झाली ती मला कुठल्याही प्रशिक्षण शिबिराहून जास्त उपयोगी पडली.

हे सगळं आपल्याकडे कधी झालंच नाही असंही नाही, आणि हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरू केलेला, पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने चालवलेला आणि माळव्यातही पसरलेला. सरकारी शाळांतली सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची. टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ साली तिथेच आले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बांधले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत मुलांनी जी खेळणी हाताळली त्यांची सुरुवात इथली.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची परीक्षा. आठवीच्या परीक्षेत मुलं आपलं पुस्तक आणि आपली प्रयोगाची वही सोबत घेऊन बसायची. पुस्तक उघडं. शिवाय प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा, हातात सामान देऊन. शिकवणं बदललं आणि परीक्षा जुनीच ठेवली तर मुलं परीक्षेसाठीच शिकणार, हे त्यांना सुरुवातीलाच कळलं होतं. उज्जैनकडच्या एका शाळेत तो कार्यक्रम शिकवलेल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं, "वही उघडी ठेवून पेपर द्यायचा म्हटल्यावर मुलं वर्षभर वही खरी लिहितात. स्वतःलाच उपयोगी पडायची असते ना." २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांत पोचला होता. मी तेव्हा याच शहरात शिकवत होते आणि त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नव्हतं.

आज नववी-दहावीच्या सीबीएसईच्या विज्ञानात शंभरातले ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत. त्या विसांतले प्रात्यक्षिकाचे पाच. मधल्या काळात, २००९ पासून २०१७ पर्यंत, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गेलं. कल्पना चांगली होती, पण एका वर्गात पन्नास मुलं आणि प्रत्येकाचे इतके रकाने, की आम्ही मुलांकडे बघायचं सोडून रकान्यांकडे बघायला लागलो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं असं म्हटलंय. याबद्दल मी आधी साशंक होते. मुलं एकमेकांच्या मित्रांना गुण देतील असं वाटायचं. पण मी गुण मागितलेच नाहीत. एका चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: 'याच्या टेबलावर तुला आधी माहीत नसलेलं काय कळलं?' एका चिठ्ठीवर आलं, "एलईडी उलटा लावला तर लागत नाही, बल्ब लागतो." ज्याच्या टेबलावर हे कळलं तो मुलगा वर्गात मागे बसणारा, त्याच्या नावाने अशा नऊ चिठ्ठ्या आल्या. त्या त्याने कंपासपेटीत घालून ठेवल्या आहेत.

गुण आणि शेरा यांच्याबद्दलही एक सांगते. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेल्यांचं सुधारलं नाही, बहुधा गुण दिसले की शेरा कोणी वाचत नाही म्हणून. हे वाचलं तेव्हा मला माझ्या शेऱ्यांची आठवण झाली. 'छान', 'अजून प्रयत्न कर', 'अक्षर सुधार'. त्यात वाचण्यासारखं तरी काय होतं? आता मी वह्या आधी शेऱ्यासकट परत देते आणि गुण आठवड्याने. शेरा म्हणजे शक्यतो प्रश्न. "तू तीन वेळा मोजलंस आणि तीन आकडे वेगळे आले. तिसराच का धरलास?" एका मुलाने त्याखाली लिहून पाठवलं, "कारण तो पुस्तकासारखा होता." इतका प्रामाणिक जबाब मिळाल्यावर पुढचं शिकवणं सोपं होतं.

अलीकडे फाइली आणखी सुरेख यायला लागल्या आहेत. संगणकच लिहून देतो. उद्दिष्ट, साहित्य, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. त्यामुळे तर मला हाताने लिहिलेली, पाण्याने फुगलेली वही अधिकच मोलाची वाटते. आजोबा पाणी प्यायले, हे ज्याच्या घरात घडलं त्यालाच लिहिता येतं.

वेळेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. चाळीस मुलं आणि तीन तास हा हिशेब अजून तसाच आहे. जिथे माझं ऐकतात तिथे मी वह्या चार दिवस आधी मागवून घेते, घरी बसून वाचते आणि प्रदर्शनाच्या दिवशी वहीत जिथे थांबले होते तिथूनच बोलायला सुरुवात करते. काही शाळा हो म्हणतात. काही म्हणतात, एवढं कोण करणार.

ती मुलगी आता नववीत आहे. डिसेंबरमध्ये तिने थंडीतले आकडे घेतले. कोरडी हवा, पण फरक चारच अंशांचा. तो का, यावर तिचं आणि माझं अजून एकमत नाही. या उन्हाळ्यात मीही एक नवा माठ आणला, वही केली आणि रोज दुपारी तीनला आकडे लिहायला लागले. एकदा मोठ्या हौसेने तिला फोन करून वाचून दाखवले. परवा हवा ३८, माठ साडेचोवीस. काल हवा ३८, माठ २६.

"काकू, हवा सारखीच आहे मग दीड अंश कुठे गेला?"

म्हटलं, तेच तर कळत नाही.

"माठ कुठे ठेवला होता?"

काल फरशी पुसायची म्हणून तो खिडकीतून उचलून ओट्याखाली ठेवला होता.

"ते लिहिलंय का वहीत?"

लिहिलं नव्हतं. मी फोन तसाच कानाला धरून उठले, पेन शोधलं आणि तारखेच्या पुढे लिहिलं: ओट्याखाली, वारा नाही. ती पलीकडे थांबून होती. "आता कालच्याच्या आदल्या दिवशीचं," ती म्हणाली.